फोनला कव्हर लागायलाच हवं का? आणि लागत असेल तर नेमकं कसलं?

चैत्रपालवी

दोन फोन घ्यायचे आहेत. एक आईसाठी, दिवसभर ओटा, बस, भाजीची पिशवी असा फिरणारा. दुसरा भावासाठी, त्याचं सगळं काम दुचाकीवर. दोन्ही मॉडेलांना पुढे-मागे काच, कडेला ॲल्युमिनियमची फ्रेम, वजन २०० ग्रॅमच्या आसपास.

दुकानात बिल होण्याआधीच काउंटरवर बॅक कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास येऊन पडतं. फोन ८ मिलिमीटरमध्ये बसवण्यासाठी एवढी मेहनत घ्यायची आणि पहिल्या दिवसापासून तो १२ मिलिमीटरच्या रबरात घालायचा, तर ती जाडी फोनलाच का दिली नाही, हे मला खरंच कळत नाही. एवढे पैसे मोजलेली वस्तू हातातून निसटली तरी शाबूत राहावी, ही अपेक्षा चुकीची आहे का?

विचारायचं ते असं: कव्हराने फोन वाचतो तो नेमका कशामुळे? दीडशे रुपयांच्या आणि दीड हजाराच्या कव्हरात फरक कशाचा? आणि खोक्यावरच्या 'मिलिटरी ग्रेड'वर किती भरवसा ठेवायचा? रंग, नक्षी, स्टँड यांत रस नाही. आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

स्थितिस्थापक

मग आकड्यांपासूनच सुरू करू. १ मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर पुढचं सगळं ठरतं. धातूचा उघडा कोपरा ग्रॅनाइटवर आपटला तर दबून दबून किती दबेल? फार तर १ मिमी धरा. १००० मिमीची उंची आणि १ मिमी थांबायला, म्हणजे धक्का गुरुत्वाच्या सरासरी १००० पट. २०० ग्रॅमच्या फोनवर त्या क्षणी जवळजवळ २०० किलोचा भार येतो, आणि तोही हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेवर. तोच कोपरा ३ मिमी दबणाऱ्या रबरावर टेकला तर भार ६५-७० किलोवर येतो. ही सरासरी झाली, प्रत्यक्षातलं शिखर याहून बरंच वर जातं. पण तिपटीचा फरक साधारण तसाच राहतो. कव्हर धक्का शोषतं म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच: ते थांबायला दोन मिलिमीटर जास्त देतं.

यावरूनच कळेल की फोटो छापलेली पातळ, टणक प्लास्टिकची कव्हरं पडण्यापासून का वाचवत नाहीत. ती दबतच नाहीत. त्यांच्यामुळे पाठीवर ओरखडे येत नाहीत, तेवढा उपयोग.

आता काच. फोनची काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये साधारण ४०० अंश सेल्सिअसला काही तास बुडवून ठेवतात. काचेतले लहान सोडियम आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियम आयन शिरतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकला की सगळेच दाबून बसतात, तसा काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. काच फुटते ती दाबाने नाही, ताणाने. काच वाकली तर पृष्ठभागावरचा ताण आधी हा साठवलेला दाब संपवतो, त्यानंतरच चीर उघडू शकते. गोरिल्ला ग्लास वगैरे नावांमागची मुख्य प्रक्रिया हीच.

पण हा थर मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ असतो. त्याच्या पार गेलेला एक ओरखडा पुरतो. टणकपणा मोजायच्या मोह्सच्या १ ते १० मापावर काच ६ च्या आसपास आणि वाळूतला क्वार्ट्झ ७. म्हणून चाव्या आणि नाणी सहसा काही करत नाहीत, ओरखडा उठवते ती खिशाच्या तळाशी साचलेली धूळ. दहा वेळा पडून काही न झालेला फोन अकराव्या वेळी गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडून फुटतो, त्याचं कारण हे. काच अचानक कमजोर झालेली नसते. चिरेची सुरुवात आधीच झालेली असते, शेवटचा धक्का फक्त तिला उघडतो.

चिमटा_आणि_हीटगन

वरचं सगळं पटलं. त्यात दुरुस्तीच्या टेबलावरून दिसणारी बाजू जोडतो.

फुटलेली काच उजेडात तिरकी धरली की चीर कुठून निघाली ते दिसतं. तिथे रेषा सगळ्यात दाट असतात. बहुतेक वेळा ती जागा कोपरा असते, नाहीतर कड. कारण सपाट पडलेल्या फोनचा भार पसरतो, कोपऱ्यावर पडलेल्याचा एका टोकाला येतो. फ्रेम आत दबते आणि काचेची कड ढकलते. कडेला काच कापलेली आणि घासलेली असते, त्यामुळे तिथे सूक्ष्म खाचा जास्त आणि ती मुळातच नाजूक. स्क्रीन कडेपर्यंत वळवलेल्या फोनमध्ये तर आधी टेकायला फ्रेमच नसते, काचच टेकते. आईसाठी सपाट स्क्रीनचाच फोन घ्या.

कव्हराची दोनच कामं आहेत: कोपरा दबू देणं आणि काच जमिनीपासून उचलून धरणं. दुकानात दोन्ही तपासता येतात.

कोपरा अंगठ्याने दाबा. थोडा आत गेला पाहिजे. आतून पाहिलं तर चांगल्या कव्हरात कोपऱ्याशी पोकळी किंवा आडव्या बरगड्या दिसतात, नुसतं भरीव रबर नसतं. मग फोन घालून कोपरा बाहेर ओढून पाहा. सहज निघत असेल तर पहिल्याच आपटीला कव्हर एकीकडे आणि फोन दुसरीकडे.

दुसरी तपासणी ओठाची. स्क्रीनभोवती कव्हराची जी कड वर येते तिला आम्ही ओठ म्हणतो. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी जवळपास ०.१ मिमी. त्याच्या आठ पट्ट्या एकावर एक ठेवा, झाले ०.८ मिमी. टेम्पर्ड लावणार असाल तर आधी लावून घ्या, कारण ती काच आणि तिचा गोंद मिळून ओठातले ०.४-०.५ मिमी खातात. फोन कव्हरासकट काउंटरच्या काचेवर पालथा ठेवा आणि पट्ट्यांची चळत खाली सरकवा. चारही बाजूंनी अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. लांब कडांच्या मध्यावर मुद्दाम बघा. मऊ कव्हर तिथेच बाहेर झुकतं आणि ओठ नाहीसा होतो. कॅमेऱ्याच्या उंचवट्यालाही हाच नियम: फोन उताणा ठेवल्यावर लेन्सची काच टेबलाला लागता कामा नये.

सामग्री थोडक्यात. टीपीयू हे रबर आणि प्लास्टिकच्या मधलं, बहुतेकांसाठी हेच योग्य. पारदर्शक टीपीयू उन्हाने पिवळं पडतं, ती घाण नसते, धुऊन जात नाही. पिवळं पडल्यामुळे नव्हे, पण कोपरे सैल झाले की बदला. सिलिकॉन हाताला छान लागतं, पण खिशाला चिकटतं आणि लोकर-धूळ ओढतं. पाठीला टणक पॉलिकार्बोनेट आणि कडेला टीपीयू असा जोड सगळ्यात चांगला, कारण टणक पाठ कव्हराला झुकू देत नाही. फ्लिप कव्हर बंद असताना ओरखडे वाचवतं, पण पडताना बऱ्याचदा उघडतं.

किंमत वाढते ती बहुतेक नाव, छपाई आणि चुंबकाच्या कड्यापायी. साचा फोनला नेमका बसणारा आहे का, एवढंच बघा. वरच्या दोन तपासण्यांत पास होणारं कव्हर तीनशेच्या आतही मिळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काच एकदा बदलली आणि पुन्हा लगेच फुटली, अशी तक्रार बऱ्याचदा येते आणि दोष सुट्या भागाला दिला जातो. खरं कारण पुष्कळदा फ्रेमचा दबलेला कोपरा असतं. कोपरा ०.२ मिमी जरी आत आलेला असला तरी नवा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला सुटा भाग, तिथे ताणात बसतो आणि खिशातल्या जराशा पिळाने तडकतो. त्यामुळे जुना डिस्प्ले काढल्यावर फ्रेमच्या खोबणीतला गोंद पूर्ण खरवडायचा, कोपरा आतून सरळ करायचा, आणि गोंद लावण्याआधी नवा डिस्प्ले कोरडाच ठेवून पाहायचा. बोटाने न दाबता तो स्वतःच्या वजनाने खोबणीत बसला पाहिजे. दाबावा लागला तर फ्रेम अजून वाकडी आहे. दुरुस्तीला द्याल तेव्हा हे समोर करून दाखवायला सांगा.

राइनकाठ

मिलिटरी ग्रेडचं सांगतो. हा शिक्का अमेरिकेच्या मिल-एसटीडी-८१० या दस्तऐवजावरून येतो. त्यात उष्णता, कंपन, धूळ, मिठाचा फवारा अशा कितीतरी चाचण्या आहेत. कुठली करायची ते उत्पादक ठरवतो, चाचणीही तोच करतो किंवा करून घेतो, प्रमाणपत्र देणारं लष्कराचं कुठलंही कार्यालय नाही. पाडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात: प्रत्येक बाजू, प्रत्येक कड, प्रत्येक कोपरा. पण जमीन म्हणून काँक्रीटवर टेकवलेलं प्लायवुडही चालतं, आणि २६ आपट्या पाच नगांत वाटून घ्यायला परवानगी आहे. म्हणजे एका नगाच्या वाट्याला पाच-सहा. शिक्का खोटा नसतो, पण आपल्या शहाबादी फरशीबद्दल तो काही सांगत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. अपेक्षा अजिबात चुकीची नाही, आणि 'कव्हर घाला म्हणजे झालं' या सल्ल्याला माझा विरोध आहे. दोन्हीकडे काच हा निर्मात्याचा निर्णय आहे. वायरलेस चार्जिंगला पाठ धातूची चालत नाही हे खरं, पण प्लास्टिकची चालते, आणि प्लास्टिक फुटत नाही. फ्रेमची कड काचेच्या जरा वर उचलली, काच आणि फ्रेम यांच्यात पॉलिमरची पट्टी दिली, तर अर्धं काम कव्हराशिवाय होतं. सॅमसंगच्या एक्सकव्हर मालिकेसारखे फोन हेच करतात, बॅटरीही हाताने काढता येते. ते जाड दिसतात, पण काचेचा फोन कव्हरात घातला की तोही तेवढाच जाड होतो.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून यावर नियम लागू आहे. घडी न होणाऱ्या स्मार्टफोनने १ मीटरवरून ४५ वेळा पडून चालू राहिलं पाहिजे, आणि ही चाचणी कव्हराशिवाय व फिल्मशिवाय होते. शिवाय प्रत्येक फोनसोबत लेबल असतं, त्यावर पडण्याच्या टिकाऊपणाचा वर्ग ए ते ई असा छापलेला. ए सगळ्यात चांगला, म्हणजे २७० आपट्या किंवा जास्त. बॅटरीने ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. तुम्ही पाहताय ते मॉडेल युरोपातही विकलं जात असेल तर ईपीआरईएल नावाच्या सरकारी नोंदवहीत त्याचं लेबल कुणालाही बघता येतं. मॉडेल क्रमांक जुळतोय का तेवढं तपासा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांत वेगळा फोन असू शकतो.

चिमटा_आणि_हीटगन

राइनकाठ, नियमाचं स्वागतच आहे. पण चाचणीतली जमीन सपाट असते. डांबरी रस्त्यावर खडीचं टोक थेट काचेच्या मध्यावर लागतं, तिथे ए वर्गही वाचवेलच असं नाही. खरं तर तिथे कव्हराचा ओठही वाचवत नाही, कारण खडी ओठापेक्षा उंच असते. आणि आपल्याकडे पडल्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही. म्हणून आज फोन घेणाऱ्याला मी कव्हर घाला असंच सांगेन, पुढच्या पिढीच्या फोनना ते लागू नये यासाठी तुमचं म्हणणं लावून धरायला हवं हे मान्य करून.

निर्णय घ्यायला एक सोपी रीत: फोन घेण्याआधी अधिकृत सेवा केंद्रात त्या मॉडेलच्या डिस्प्लेची बदलण्यासकट किंमत विचारा. फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जात असेल तर कव्हराशिवाय वापरायचा विचार सोडा.

चैत्रपालवी

कागदाच्या पट्ट्यांची रीत लिहून घेतली. ईपीआरईएलमध्ये दोन्ही मॉडेलं सापडली. एक बी आहे, दुसरं डी. डी वालं भावासाठी ठरवलं होतं, आता अदलाबदल करेन.

अजून तीन शंका. टेम्पर्ड लावावं का, '९एच' म्हणजे काय? उन्हाळ्यात कव्हराने फोन तापतो म्हणतात त्यात तथ्य किती? आणि भाऊ हँडलवर होल्डर लावून नकाशा बघतो, तिथे कव्हर पुरेल का?

चिमटा_आणि_हीटगन

९एच हे पेन्सिलचं माप आहे. ९एच म्हणजे सगळ्यात टणक पेन्सिलीने रेघ उठली नाही, बस. मोह्सचा ९ म्हणजे नीलम, त्याच्याशी याचा संबंध नाही. वाळू टेम्पर्डवरही ओरखडा उठवते.

टेम्पर्ड फुटलं म्हणजे स्क्रीन वाचली, असं समजू नका. ते ०.३३ मिमीचं, कडेला कमजोर, खालची काच ज्या धक्क्याला दाद देत नाही त्यालाही तडकतं. त्याचा खरा फायदा वेगळा: ओरखडे स्वतःवर घेतं, त्यामुळे मूळ काचेचा दाबाखालचा थर अखंड राहतो. स्थितिस्थापक यांनी सांगितलेली चिरेची सुरुवात होतच नाही. म्हणून लावाच, पण नव्या कोऱ्या स्क्रीनवर, पहिल्या दिवशी.

बाथरूममध्ये गरम पाणी सोडून हवा दमट झाली की धूळ बसते, तिथे लावलं तर कण कमी अडकतात. आधी अल्कोहोलचा वाइप, मग सुकं कापड, मग धूळ उचलायचा स्टिकर. एका कडेच्या स्पीकरच्या फटीशी जुळवून सोडा, मधोमध एकदाच बोट टेकवा, गोंद आपोआप पसरतो. कडेला पांढरी किनार राहिली तर मुकाट काढून दुसरं लावा, तिथे धूळ शिरतच राहणार.

यूव्ही दिव्याने सुकवायचा पातळ गोंदवाला ग्लास मात्र टाळा. गोंद सुकण्याआधी कानाच्या स्पीकरच्या जाळीत किंवा बटणाच्या फटीत उतरतो आणि तिथेच घट्ट होतो. आवाज बारीक झाला म्हणून आलेला फोन उघडावा तर जाळी गोंदाने लिंपलेली असते.

बोटाचा ठसा स्क्रीनखाली वाचणारा फोन असेल तर ग्लास लावल्यावर जुने ठसे पुसून नव्याने नोंदवा. ध्वनिलहरींनी ठसा वाचणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरला ग्लासखालची हवेची पोकळी चालत नाही. २०१९ मध्ये गॅलेक्सी एस१० वर काही सिलिकॉन आवरणांमुळे कुणाच्याही बोटाने फोन उघडत होता, कंपनीला अपडेट द्यावं लागलं होतं.

वैदर्भी

तापण्यात तथ्य आहे. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता पाठ आणि फ्रेममधून बाहेर जाते, आणि टीपीयू उष्णता फार कमी वाहून नेतं. एरवी फरक जाणवत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंश होतात तेव्हा जाणवतो. ॲपल तर आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतं. फोन स्वतःला सांभाळतो: आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग मंदावतो, मग थांबवतो. कायमचं नुकसान होतं ते बॅटरीचं, तापलेल्या अवस्थेत पूर्ण भरलेली राहिली तर.

फास्ट चार्जिंगला लावताना कव्हर काढा, उशीवर-गादीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. तापला म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आत दव धरतं.

आठवड्यातून एकदा कव्हर काढून आतून धुवा, पूर्ण सुकवा, फोनची पाठ कोरड्या कापडाने पुसा. आत अडकलेली बारीक धूळ सँडपेपरसारखी फ्रेमचा रंग उडवते. समुद्रावर नेला असेल तर त्याच संध्याकाळी.

स्थितिस्थापक

भावाच्या होल्डरचं. कव्हर तिथे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण धोका पडण्याचा नाही, कंपनाचा आहे. कॅमेऱ्यातलं लेन्स स्थिर ठेवणारं यंत्र म्हणजे चुंबक आणि बारीक स्प्रिंगवर तरंगणारा भाग. मोटरसायकलच्या इंजिनाचं कंपन हँडलमधून थेट त्यात जातं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये याबद्दल स्वतःहून सावधगिरीची सूचना दिली: मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर फोन थेट लावू नका, मोपेड-स्कूटरवर लावलात तर निदान कंपन दाबणारा होल्डर घ्या. बिघाड झाला की लक्षण असं दिसतं: कॅमेरा उघडल्यावर चित्र थरथरतं किंवा फोकस धरतच नाही, कधी आतून बारीक घरघर ऐकू येते.

उपाय दोन. होल्डर आणि हँडल यांच्यामध्ये रबरी बुशांचा डँपर मिळतो, तो बसवायचा. किंवा, आणि हा जास्त चांगला, घरात पडून असलेला जुना फोन हँडलवर नकाशासाठी ठेवायचा, नव्याच्या हॉटस्पॉटवर चालवायचा, आणि नवा खिशात. खिसा पँटचा, शर्टाचा वरचा नको. गाडी स्टँडवर लावायला वाकलं की वरच्या खिशातला फोन सव्वा मीटरवरून थेट खाली जातो, आणि खाली बहुतेक वेळा खडीच असते.